भूमिका-खेळांच्या निर्मितीतील खेळाडू-अभिप्राय

संगणकीय भूमिका-खेळ निर्मितीच्या अवस्थेत असतानाच तो खेळाडूंच्या हाती देणे आणि त्यांच्या प्रतिसादावरून कथा, नियम व पात्रे यांत बदल करणे, या कार्यपद्धतीस खेळाडू-अभिप्राय असे म्हणतात. भूमिका-खेळ, अर्थात ‘आरपीजी’, या प्रकारात खेळाडू एका पात्राची भूमिका स्वीकारतो आणि त्याच्या निर्णयांनुसार कथा वळण घेते. खेळाडू कोणता मार्ग निवडेल हे लेखकाला आधी पूर्णपणे ठाऊक नसते. त्यामुळे अन्य खेळप्रकारांपेक्षा येथे अभिप्रायाचे महत्त्व अधिक आहे.

पार्श्वभूमी

या खेळप्रकाराचा उगम १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या या खेळात सूत्रधार समोर बसलेल्या खेळाडूंचा कल पाहून प्रसंग तत्काळ बदलू शकत असे. संगणकावर हा जिवंत सूत्रधार नाहीसा झाला. त्याची उणीव निर्मितीकाळातील चाचण्यांनी भरून काढावी लागते.

मराठी वाचकाला ही पद्धत रंगभूमीवरून सहज कळेल. रंगीत तालमीनंतर आणि पहिल्या काही प्रयोगांनंतर संहितेत काटछाट करण्याची प्रथा जुनी आहे. गिरगावचा साहित्य संघ आणि दादरचे शिवाजी मंदिर येथील प्रेक्षक कोठे हसतो आणि कोठे चुळबूळ करतो, यावर नाटक मंडळींचे लक्ष असते. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात नायगावात जन्मलेले दादा कोंडके प्रेक्षकांचा रंग पाहून उत्स्फूर्त संवादांची भर घालीत. मात्र नटाला आजचे वाक्य उद्या बदलता येते. भूमिका-खेळात एक वाक्य बदलले, तर त्याचे ध्वनिमुद्रण, ओठांची हालचाल, भाषांतरे आणि त्या वाक्यावर अवलंबून असलेले पुढील फाटे हे सर्व तपासावे लागते. म्हणूनच अभिप्राय जितका उशिरा येतो, तितका तो महाग पडतो.

अभिप्रायाचे स्वरूप

अभिप्राय दोन मार्गांनी मिळतो. खेळाडू जे सांगतो तो एक, आणि तो जे करतो तो दुसरा. कोणत्या दाराशी किती जण परतले, कोणता संवाद न वाचताच पुढे ढकलला गेला, कोणत्या लढाईत पात्र वारंवार मेले, याच्या नोंदी खेळ स्वतःच ठेवू शकतो. या दोन मार्गांत अनेकदा विसंगती आढळते. ‘राक्षस फार बलवान आहे’ अशी तक्रार आली, तरी नोंदी पाहिल्यावर असे दिसू शकते की आधीच्या दालनातील तलवारीची पेटी बहुतेकांनी उघडलीच नाही. येथे राक्षस दुबळा करणे हा उपाय नव्हे. पेटीवर उजेड पाडणे हा आहे. रोगी दुखणे खरे सांगतो, पण औषध वैद्याने ठरवायचे असते.

‘बाल्डर्स गेट ३’

या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’. ६ ऑक्टोबर २०२० रोजी या खेळाचा केवळ पहिला अंक ‘अर्ली ॲक्सेस’ पद्धतीने विक्रीस आला आणि पूर्ण खेळ ३ ऑगस्ट २०२३ रोजी प्रसिद्ध झाला. अपुऱ्या खेळासाठी पूर्ण किंमत मोजून ग्राहकाने परीक्षकाचे काम करावे, ही कल्पना एके काळी विचित्र वाटली असती. परंतु पुढील सुमारे तीन वर्षे निर्मात्यांना अखंड प्रतिसाद मिळत राहिला.

सलग उलटे दान पडून वार वाया जाण्याचा वैताग खेळाडूंना होता. ती शक्यता कमी करणारा ऐच्छिक फाशांचा पर्याय देण्यात आला. विल या सोबत्याची कथा नव्याने लिहिली गेली आणि त्याला नवा आवाजही मिळाला. आरंभीच्या नोंदींतून एक गंमतही उघड झाली. शिंगे, शेपट्या, विलक्षण डोळे असा सारा साज उपलब्ध असताना खेळाडूंनी सर्वाधिक निवडलेल्या वैशिष्ट्यांतून तयार होणारा चेहरा अगदी सामान्य माणसाचा निघाला, आणि निर्मात्यांनी त्याबद्दल खेळाडूंची जाहीर थट्टा केली. चाचणी केवळ पहिल्या अंकाची झाली होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. शेवट अपुरा वाटल्याची खेळाडूंची भावना प्रकाशनानंतरच व्यक्त झाली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये उपसंहार जोडावा लागला.

महाराष्ट्रातील उदाहरणे

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा काटेकोर अर्थाने भूमिका-खेळ नसून साहसखेळ आहे, तरी तो येथे विचारात घेण्याजोगा आहे. २०१७ मधील त्याची लोकवर्गणीची मोहीम अयशस्वी ठरली. लहान संस्थेच्या दृष्टीने हा सर्वांत कठोर अभिप्राय होय, कारण त्यात खेळाचे अस्तित्वच पणाला लागते. तरीही खेळ पूर्ण झाला, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लढाईची रचना व हालचाली सुधारून हिंदी आवाजांची भर घालण्यात आली. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा लढाईचा खेळ मर्यादित खेळाडूंच्या चाचण्यांनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईच्या गेमऑन स्टुडिओजने याच शहरात घडणारा ‘मुंबई गलीज’ हा खेळ जाहीर केला आहे.

भाषा आणि स्थानिक तपशील

परिचित शहर खेळात उतरवताना अभिप्रायाला वेगळीच धार येते. समजा, १९८२ च्या गिरणी संपाच्या काळातील लालबागवर भूमिका-खेळ रचला. खेळाडूने संपात टिकून राहावे की गुपचूप कामावर जावे, हा त्यातील खरा पेच. लढाया व गुणांकन कोठलाही अनुभवी खेळाडू तपासू शकेल. परंतु चाळीतील सामाईक नळावर रांग कशी लागे, खानावळवाली बाई गिरणीकामगाराला ‘तू’ म्हणे की ‘तुम्ही’, थकलेल्या उधारीचा विषय वाणी कसा काढी, हे परळ-लालबागच्या जुन्या रहिवाशालाच सांगता येईल. इंग्रजी संहितेतील एकाच सर्वनामासाठी मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. ही निवड चुकली, तर साधा संवाद उर्मट किंवा हास्यास्पद होतो.

अडचण अशी की ज्यांचा अभिप्राय सर्वाधिक मोलाचा, ते बहुधा असे खेळ खेळत नाहीत. आणि जे आवर्जून लिहितात ते बहुतांशी तरुण, सरावलेले आणि इंग्रजीत व्यक्त होणारे असतात. केवळ आलेले अभिप्राय मोजून बदल केले, तर खेळ याच वर्गाकडे झुकतो. त्यामुळे अशा खेळाच्या निर्मात्याला परीक्षक शोधत जावे लागते: वृद्ध रहिवाशाशेजारी बसून खेळ आपण चालवायचा, निर्णय त्यांना घेऊ द्यायचे आणि ते कोठे थबकतात हे टिपून घ्यायचे.