पहिली लेन्स घेताना

नव्या डीएसएलआर कॅमेऱ्यासोबत बहुधा १८-५५ मिलिमीटरची लेन्स मिळते. दिवसाच्या उजेडात ती उत्तम काम देते. परंतु सायंकाळी दिवाणखान्यात आजीचे छायाचित्र घेताना ती तोकडी पडते. ५५ मिलिमीटरवर तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे होत नाही. एफ/१.८ ची लेन्स तिच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते.

मग ५० मिलिमीटरची घ्यावी की ३५ ची? निकॉन डी३५०० सारख्या कॅमेऱ्यात संवेदक लहान असल्याने ५० ची लेन्स ७५ इतके अरुंद दृश्य दाखवते. एकट्याच्या चेहऱ्यासाठी ती उत्तम. मात्र खोलीत सारे कुटुंब टिपायचे, तर ३५ चीच सोयीची.

जुनी लेन्स स्वस्तात मिळते म्हणून घाई करू नये. या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. ‘एएफ-डी’ लेन्स त्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. ‘एएफ-एस’ ही अक्षरे पाहूनच व्यवहार करावा.

त्याआधी एक हिशेब अवश्य करावा. प्रत्येक डिजिटल छायाचित्रासोबत ते किती मिलिमीटरवर घेतले, याची नोंद असते. मागील शंभर छायाचित्रांची ही नोंदवही चाळली, की कोणत्या लेन्समध्ये पैसा गुंतवावा, हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.