भाग पहिला, भाग दुसरा : ड्रीम थिएटरचे दोन अल्बम

ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचे दोन अल्बम प्रोग्रेसिव्ह मेटलच्या चाहत्यांत कायम एकमेकांसमोर उभे केले जातात: १९९२चा ‘इमेजेस अँड वर्ड्‌स’ आणि १९९९चा ‘मेट्रोपोलिस, पार्ट टू : सीन्स फ्रॉम अ मेमरी’. यांतला दुसरा अल्बम पहिल्यातल्या एका गाण्यातून उगवला आहे. त्यामुळे ही तुलना एरवीच्या ‘कोण वरचढ’ छापाच्या वादापेक्षा जास्त काही सांगते. माझं झुकतं माप पहिल्याला आहे. कारणं पुढे येतीलच.

बँड आणि काळ

जॉन पेत्रुची (गिटार), जॉन म्यंग (बेस) आणि माइक पोर्टनॉय (ड्रम) बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असताना १९८५मध्ये एकत्र आले. पहिला अल्बम १९८९मध्ये निघाला, त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही आणि गायकही गेला. नव्या गायकाच्या शोधाचा शेवट १९९१मध्ये कॅनडाच्या जेम्स लाब्री याच्यापाशी झाला. कीबोर्डवर केव्हिन मूर होता.

त्याच वर्षी निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ बाजारात आला होता. तीन-चार मिनिटांची, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली गाणी चलनात होती. अशा वेळी आठ-नऊ मिनिटांची, मधेच ताल बदलणारी गाणी घेऊन येणं म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेनं चालणं होतं.

आठ गाणी, सत्तावन्न मिनिटं

‘इमेजेस अँड वर्ड्‌स’मध्ये आठच गाणी आहेत. निर्माता डेव्हिड प्रेटर आणि बँड यांचं फारसं जमलं नाही. स्नेअर ड्रमचा खरा आवाज झाकून त्यावर यंत्रातला नमुना-आवाज चढवल्याबद्दल पोर्टनॉय पुढे अनेकदा जाहीरपणे चिडला. त्याची तक्रार रास्त आहे. तो टणक, दर ठोक्याला सारखाच वाजणारा ड्रम आज कानाला खटकतो.

पण बाहेरचा माणूस डोक्यावर असण्याचा फायदाही दिसतो. ‘अ चेंज ऑफ सीझन्स’ ही वीस मिनिटांहून मोठी रचना या अल्बमसाठी तयार होती. ती जागेअभावी वगळली गेली आणि १९९५मध्ये वेगळी निघाली. जे उरलं त्यात फालतू मिनिट सापडत नाही. ‘पुल मी अंडर’ आठ मिनिटांचं असूनही रेडिओवर आणि एमटीव्हीवर वाजलं, कारण त्याच्या मुळाशी गुणगुणता येईल अशी चाल आहे. हॅम्लेटच्या मनःस्थितीवर बेतलेलं हे गाणं शेवटी कात्रीनं कापल्यासारखं अचानक थांबतं. बँडचं हिट गाणं म्हणाल तर जवळपास तेवढंच. २००८मध्ये निवडक गाण्यांचा संच काढताना त्यांनी स्वतःच नावात ‘हिट’ हा शब्द एकवचनी ठेवला. ही थट्टा मला त्यांच्या कित्येक सोलोंपेक्षा आवडते.

केव्हिन मूरचा हात या अल्बममध्ये सगळीकडे जाणवतो. तो कमी वाजवतो. ‘वेट फॉर स्लीप’ हे अडीच मिनिटांचं गाणं फक्त कीबोर्ड आणि आवाज यांवर उभं आहे. त्यातली पियानोची ओळ पुढच्याच, म्हणजे शेवटच्या ‘लर्निंग टू लिव्ह’मध्ये गर्दीतून पुन्हा डोकं वर काढते. एका गाण्यातला स्वरसमूह दुसऱ्यात नेऊन पेरायचा, ही युक्ती इथे पहिल्यांदा नीट दिसते. सात वर्षांनी याच युक्तीवर अख्खा अल्बम उभा राहिला.

गमतीनं लावलेला ‘भाग पहिला’

अल्बममधल्या पाचव्या गाण्याचं नाव आहे ‘मेट्रोपोलिस, पार्ट वन : द मिरॅकल अँड द स्लीपर’. साडेनऊ मिनिटं, मधे लांबलचक वाद्यभाग, त्यात म्यंगचा बेसवरचा छोटा पण अवघड तुकडा. शब्द गूढ आहेत. नीट अर्थ लागेल अशी गोष्ट त्यात नाही. ‘पार्ट वन’ हे पेत्रुचीनं गमतीनं जोडलं होतं, दुसऱ्या भागाचा काही बेत नव्हता. चाहत्यांनी मात्र ते मनावर घेतलं आणि ‘दुसरा भाग कधी?’ हा प्रश्न बँडच्या मागे लागला.

मधली वर्षं

१९९४मध्ये मूर बँड सोडून गेला. त्याच्या जागी आलेल्या डेरेक शेरिनियनसोबत ‘फॉलिंग इन्टू इन्फिनिटी’ (१९९७) निघाला. रेकॉर्ड कंपनीला रेडिओवर चालतील अशी गाणी हवी होती, म्हणून एका गाण्यावर डेस्मंड चाइल्ड या बाहेरच्या हिट-लेखकाकडून काम करून घेतलं गेलं. ‘मेट्रोपोलिस’च्या दुसऱ्या भागाचा वीसेक मिनिटांचा कच्चा आराखडा तोवर तयार होता. तो बाजूला पडला. पोर्टनॉय बँड सोडायच्या बेतात होता.

दरम्यान पोर्टनॉय आणि पेत्रुची यांनी ‘लिक्विड टेन्शन एक्स्परिमेंट’ नावाच्या जोडप्रकल्पात जॉर्डन रुडेस या जुलियार्डमध्ये शिकलेल्या पियानोवादकाबरोबर काम केलं होतं. १९९९मध्ये रुडेस बँडमध्ये आला, शेरिनियन गेला आणि पुढच्या अल्बममध्ये, म्हणजे ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’मध्ये, कंपनीनं लुडबूड करायची नाही असं ठरलं. निर्माते होते खुद्द पोर्टनॉय आणि पेत्रुची. स्टुडिओ मात्र ‘इमेजेस’चाच जुना, न्यूयॉर्क राज्यातल्या सफर्न इथला बेअरट्रॅक्स.

व्हिक्टोरियाची गोष्ट

‘सीन्स’ सत्त्याहत्तर मिनिटांचा आहे, सीडीत मावेल जवळपास तेवढा. दोन अंक, नऊ प्रवेश, बारा तुकडे. निकोलस नावाच्या माणसाला एक अनोळखी तरुणी सारखी दिसते. संमोहनतज्ज्ञाच्या मदतीनं कळतं की मागच्या जन्मी तो व्हिक्टोरिया पेज होता आणि १९२८मध्ये तिचा खून झाला. तिचा प्रियकर ज्युलियन दारू-जुगारात बुडालेला. त्याचा भाऊ एडवर्ड सिनेटर, आणि त्याचाही जीव तिच्यावर जडलेला. वर्तमानपत्राच्या मते ज्युलियननं तिला मारून आत्महत्या केली. प्रत्यक्षात दोघांनाही एडवर्डनं मारलेलं असतं. शेवटी संमोहनतज्ज्ञ हाच एडवर्डचा पुढचा जन्म निघतो आणि निकोलसचाही तोच शेवट होतो.

‘मधुमती’सारखे पुनर्जन्माचे सिनेमे पाहून बसलेल्या आपल्या पिढ्यांना यातलं रहस्य अर्ध्या वाटेतच कळेल. कथा म्हणून हे सामान्य आहे, हे मान्य करायला हरकत नाही. कित्येक ओळी केवळ माहिती पोचवण्यापुरत्या गायल्या जातात आणि एकटा लाब्री जवळपास सगळ्या पात्रांची तोंडं होतो, त्यामुळे कोण बोलतंय हे पुस्तिका उघडल्याशिवाय कळत नाही. क्वीन्सराइकचा ‘ऑपरेशन : माइंडक्राइम’ (१९८८) याबाबतीत कितीतरी स्वच्छ आहे.

तेच सूर, नवी जागा

अल्बमची खरी ताकद सुरांच्या बांधणीत आहे. ‘ओव्हर्चर १९२८’मध्ये जुन्या ‘मेट्रोपोलिस’चा एक तुकडा ओळख दाखवून जातो. ‘होम’मध्ये त्याच गाण्याचे रिफ सतारीसारख्या वळणांच्या चालीला येऊन भिडतात. १९९२मध्ये ज्या शब्दांना अर्थ नव्हता त्यांना इथे माणसं मिळतात: ‘स्लीपर’ म्हणजे ज्युलियन, ‘मिरॅकल’ म्हणजे एडवर्ड. सुरुवातीच्या ‘रिग्रेशन’मधली साधी गिटारची चाल ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’मध्ये गॉस्पेल गायनासह भरून परत येते. स्वतःच्याच जुन्या गाण्याचं इतकं बारकाईनं केलेलं वाचन रॉकमध्ये क्वचित सापडतं.

‘द डान्स ऑफ इटर्निटी’ ही शब्दांविना रचना या अल्बमचा सर्वांत जास्त मिरवला जाणारा तुकडा. सहा मिनिटांत ताल शंभराहून अधिक वेळा बदलतो. आपल्याकडे रूपक किंवा झपताल एकदा धरला की आवर्तन ठरलेलं असतं. सम कुठे येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं आणि रंगत त्या वाट पाहण्यात असते. इथे वाट पाहायला सवडच मिळत नाही. मधेच रुडेसचा रॅगटाइम पियानो येतो तेव्हा हसू फुटतं, तेवढाच विसावा. थक्क मी दरवेळी होतो, पण त्यातलं काही नंतर ओठांवर राहत नाही. ‘पुल मी अंडर’ राहतं.

मूर आणि रुडेस यांतला फरक हाच या दोन अल्बममधला फरक आहे. रुडेसची बोटं अधिक तयार आहेत आणि पेत्रुचीशी त्याची वेगाची चढाओढ पुढच्या सगळ्या अल्बमची सवय होऊन बसली. तिचं मूळ ‘सीन्स’मध्ये आहे. ड्रमचा आवाज मात्र इथे खरा आणि मोकळा आहे. पोर्टनॉयला अखेर हवं ते मिळालं.

कुठून सुरुवात करावी

नव्यानं ऐकणाऱ्यानं ‘इमेजेस’ आधी आणि सलग ऐकावा. तासाभराचं काम आहे. मग एकटं ‘मेट्रोपोलिस, पार्ट वन’ पुन्हा एकदा, मधला वाद्यभाग पाठ होईस्तोवर. त्यानंतरच ‘सीन्स’ लावावा, पुस्तिका हाताशी ठेवून. ओळखीचा सूर पहिल्यांदा ‘ओव्हर्चर’मध्ये कानावर पडतो, त्याची मजा या क्रमानेच येते. चाहते मित्र बहुधा ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’ आधी ऐकवतील, कारण ते सोपं आणि गोड आहे. ते टाळलेलं बरं, कारण आधीचा जवळपास तासभर पाठीशी नसेल तर ते नुसतं एक गोड गाणं उरतं.