ई-बसची सीट : वर्कशॉपातली की कंपनीची?

सेमाडोह : परतवाड्याहून घटांगचा घाट चढून सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे जाणाऱ्या प्रवाशाला एसटीच्या इंजिनापेक्षा तिची सीट जास्त ओळखीची. बोल्ट सैल असला की पहिल्याच वळणावर कळते. आता एसटीत ई-बस येत आहेत. त्यांची सीट कोण बनवणार अन् मोडली तर कोण पाहणार, हा प्रश्न म्हणून इथलाही आहे.

एसटीची जुनी रीत अशी. कंपनीकडून नुसती चेसिस यायची. दापोडी, चिकलठाणा किंवा नागपूरच्या हिंगणा वर्कशॉपात तिच्यावर सांगाडा उभा राहायचा, पत्रा चढायचा, सीट बसायच्या अन् लालपरी बाहेर पडायची. बांधणी घरची, त्यामुळे दुरुस्तीचं कसबही घरातच.

ई-बसचं तसं नाही. १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली 'शिवाई' धावली. गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, कंडक्टर एसटीचा, अन् भाडं किलोमीटरप्रमाणे. २०२३ मध्ये ठरलेल्या ५१५० ई-बसही भाड्याच्याच. म्हणजे सीट गाडीसोबतच येते, महामंडळ ती बनवत नाही.

याला कारणं आहेत. बॅटरीचं वजन आधीच भारी. सीट जड झाली की एका चार्जिंगमध्ये गाडी कमी पळते. शिवाय बॅटरी अन् हाय व्होल्टेजच्या केबल कुठून गेल्या ते पाहिल्याशिवाय फ्लोअरला मनानं भोक पाडता येत नाही. अपघातात सीट उखडू नये म्हणून एआयएस-०२३ या मानकाची चाचणीही असते. हजारो सीट बनवणाऱ्याला तो खर्च वाटून जातो, थोड्या गाड्यांसाठी परवडत नाही.

कारवाल्या कंपन्याही बहुतेक सीट बाहेरूनच घेतात. सीट म्हणजे कापसाच्या गाठोड्यासारखी, वजन कमी अन् जागा जास्त. लांबून आणणं महाग, म्हणून सीटचे कारखाने गाड्यांच्या कारखान्याजवळच असतात. अमेरिकेच्या टेस्लानं मात्र उलटं केलं, सीट स्वतःच बनवायला घेतल्या. त्यात बदल लवकर करता येतो, पण मशीन अन् माणसांचा खर्चही स्वतःच्याच अंगावर.

भाड्याची गाडी घेतली म्हणून बिघडत नाही. पण उद्या ई-बस या घाटात आली अन् सीट हलायला लागली, तर परतवाडा डेपोतल्या मेकॅनिकनं हातात पाना घेऊन कंपनीच्या माणसाची वाट पाहायची काय? किती दिवसांत सीट दुरुस्त होईल, नाही झाली तर भाड्यातून किती कापणार अन् किरकोळ काम डेपोला करता येईल का, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे. अन् ते प्रवाशालाही वाचता यावं, डेपोच्या नोटीस बोर्डावर.