खेचर कायम, माणूस हंगामी

मिसूला (मोंटाना) : मोटारीशिवाय ज्या देशाचं पान हलत नाही, त्या अमेरिकेच्या वनखात्याकडे आजही सरकारी खेचरं आहेत. ती हौसेखातर पाळलेली नाहीत. 3 सप्टेंबर 1964 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका कायद्यावर सही केली आणि राखून ठेवलेल्या रानांत मोटार न्यायला बंदी आली. तिथे सायकलही चालत नाही. आज अशी आठशेहून अधिक रानं आहेत. पनवेल-शिरढोणच्या वाचकाला हे समजायला जड नाही, माथेरान हाकेच्या अंतरावर आहे. अलीकडे ई-रिक्षा आल्या, तरी दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही आणि किराण्यापासून सिलिंडरपर्यंतचं ओझं जनावरांच्या पाठीवरून चढत आलेलं आहे. फरक पसाऱ्याचा. मोंटानातलं एकटं बॉब मार्शल अरण्य दहा लाख एकरांचं आहे आणि आत दुकान नाही की घर नाही.

या रानांतल्या पायवाटा आणि लाकडी पूल उन्हाळ्यात दुरुस्त होतात. त्यासाठी आत राहणाऱ्या टोळ्यांचं धान्य, तंबू, कुदळी, पुलाचे खिळे-बोल्ट असं सगळं खेचरांवरून जातं. यांत्रिक करवतही सहसा चालत नाही, म्हणून दोघांनी ओढायची लांब करवत खेचराच्या पाठीवर कमान करून बांधतात. हा तांडा नेणाऱ्या माणसाला ‘पॅकर’ म्हणतात. बर्फ वितळलं की त्याचं काम सुरू, बर्फ पडलं की बंद.

काम नेमकं कसलं? पहाटे कुरणात जाऊन जनावरं धरायची. पुष्कळ ठिकाणी गळ्यात घंटा बांधलेली एक घोडी असते. खेचरं तिची पाठ सोडत नाहीत, त्यामुळे ती सापडली की बाकीची सापडली. मग खरारा, खूर आणि नाल बघणं, खोगीर चढवून तंग आवळणं. सामान जाड कापडात गुंडाळून दोरीनं बांधायचं आणि दोन्ही बाजूंचं वजन काट्यावर सारखं करायचं. थोडा फरक राहिला तरी वाटेत खोगीर सरकतं आणि पाठ सोलली जाते. पाठ सोललेलं खेचर मग कित्येक दिवस कामाचं राहत नाही.

एका खेचरावर साधारण 68 किलो, म्हणजे दर बाजूला 34. जुन्या पद्धतीच्या तांड्यात नऊ खेचरं असत. म्हणजे अठरा बोजे, सहाशे किलोंच्या वर, छातीच्या उंचीपर्यंत उचलायचे आणि मुक्कामाला पोचल्यावर तेवढेच उतरवायचे. खेचरं एकामागे एक बांधतात ती मुद्दाम कच्च्या दोरीनं. एखादं कड्यावरून घसरलं तर दोरी तुटावी, बाकीची ओढली जाऊ नयेत. दोरी तुटल्यावर काय करायचं, ते पॅकरनं ठरवायचं. जवळची सडक दोन दिवसांच्या वाटेवर असू शकते.

मिसूलाच्या पश्चिमेला नाइनमाइल इथे वनखात्यानं 1930 मध्ये जनावरांचा तळच उभारला. त्याचं कारण मजेशीर आहे. वणवे विझवायला खातं शेतकऱ्यांची जनावरं भाड्यानं घेई, पण शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेतले आणि भाड्यानं द्यायला जनावरंच उरली नाहीत! पुढे रस्ते झाले, विमानातून उड्या मारणारे अग्निशामक आले आणि 1953 मध्ये तळ बंद पडला. खेचरं मात्र तिथे अजून आहेत.

आता माणसाचा हिशेब. बहुतेक हंगामी माणसांची नेमणूक वर्षाला 1,039 तासांच्या आत बसवतात. पूर्ण वर्षाचे तास 2,080 धरले जातात, त्याच्या निम्म्याला एक तास कमी. ही नोकरी संघराज्याच्या निवृत्तिवेतनात धरली जात नाही. जनावराला हिवाळाभर सरकारी चारा असतो, त्याला हाकणाऱ्यानं तेवढे महिने दुसरं काही शोधायचं. खात्याच्या नियमापुढे माणसाची निकड चालत नाही.

आपल्याकडे जनावरांचं सरकारी काम म्हणजे लसीकरण. 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गाई-म्हशींना लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचायची असते. टोचणाऱ्यानं लशीचा डबा 2 ते 8 अंशांत ठेवायचा, गुरं चरायला सुटण्याआधी गोठा गाठायचा, बारा आकडी बिल्ला कानात मारायचा आणि म्हशीची लाथ चुकवायची. पण इथे जनावर दुसऱ्याचं असतं आणि दावं धरायला त्याचा मालक शेजारी उभा असतो. पॅकर एकटा असतो. 

सप्टेंबर 2024 मध्ये वनखात्यानं पुढच्या वर्षाची हंगामी भरती थांबवत असल्याचं जाहीर केलं. आग विझवणारे तेवढे वगळले. सुमारे 2,400 जागांचा प्रश्न होता. मोटारबंदीचा कायदा जागच्या जागी आहे, त्यामुळे ओझी कमी झाली नाहीत. कायम नोकरीतल्या मोजक्या पॅकरांच्या जोडीला ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ या 1973 मध्ये मोंटानातच सुरू झालेल्या संघटनेच्या स्वयंसेवकांवर खात्याची भिस्त आहे. ते स्वतःची खेचरं आणतात आणि सरकारचं ओझं फुकट वाहतात.