बाळाच्या कानाची चाचणी आणि ऑटिझमची चाहूल

बाळ जन्माला आले की घरातील वडीलधारे त्याच्या कानात अजान देतात. तो आवाज बाळाच्या कानातून मेंदूपर्यंत नीट पोहोचतो का, हे आता जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच तपासता येते. ही श्रवणचाचणी बहिरेपणा ओळखण्यासाठी असते. पण तिच्यातून ऑटिझमची म्हणजे स्वमग्नतेचीही चाहूल लागू शकेल का, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. आई-वडिलांनी यातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे आपण समजून घेऊ या.

चाचणी कशी होते?

चाचणीचे दोन प्रकार आहेत. ‘ओएई’मध्ये झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाचे छोटे उपकरण ठेवून हलके आवाज सोडतात. निरोगी अंतर्कर्णातून त्याचा बारीकसा प्रतिध्वनी येतो, तो यंत्र टिपते. ‘एबीआर’मध्ये डोक्याला व कानाजवळ तारा चिकटवून, आवाज पडल्यावर श्रवणाची नस आणि मेंदूचा खालचा भाग किती वेळात प्रतिसाद देतो ते मोजतात. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला जातो. दोन्हींत सुई नाही, वेदना नाही.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाने २०१६ साली ६ ते १७ वर्षांच्या मुलांची ओएई तपासणी केली. बोलणे समजण्यासाठी महत्त्वाच्या असलेल्या मधल्या पट्टीतील आवाजांना ऑटिझम असलेल्या मुलांच्या कानांचा प्रतिसाद कमी मिळाला, जरी त्यांना ऐकू व्यवस्थित येत होते. पुढे २०२० साली फ्लोरिडा राज्यातील सुमारे १ लाख ३९ हजार नवजात बाळांच्या एबीआर नोंदी अभ्यासण्यात आल्या. त्यांतील ३२१ मुलांना नंतर ऑटिझम असल्याचे निदान झाले होते. जन्मावेळच्या नोंदींत या मुलांचा प्रतिसाद इतरांपेक्षा सरासरीने किंचित उशिरा आलेला दिसला.

मात्र सरासरी म्हणजे निदान नव्हे. ऑटिझम असलेल्या सगळ्याच बाळांचा प्रतिसाद उशिरा येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा प्रतिसादही उशिरा येऊ शकतो. त्यामुळे आज कोणत्याही रुग्णालयात कानाच्या चाचणीवरून ऑटिझम ठरवला जात नाही. चाचणीत बाळ पास झाले नाही तर घाबरून जाऊ नये, पण फेरतपासणी टाळूही नये. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा डॉक्टरांचा आग्रह असतो.

आणि पास झाले म्हणून निर्धास्तही होऊ नये. बाळ वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेले शब्द विसरते, तर डॉक्टरांना दाखवावे. हाकेला न वळणे बहिरेपणातही दिसते आणि ऑटिझममध्येही. म्हणून अशा वेळी कान पुन्हा तपासून घ्यावेत.

थांबू नका

“त्याचे अब्बाही उशिराच बोलायला लागले होते” असे म्हणून घरात वाट पाहिली जाते. कुणी नजर लागली म्हणते, कुणी आईलाच दोष देते. आम्हा शिक्षकांना असे मूल भेटते ते थेट पहिलीच्या वर्गात, तेव्हा शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे निघून गेलेली असतात. दुआ जरूर करावी, पण तपासणीही करावी. त्यात आईचा काही कसूर नाही.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, गरज असल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचाही समावेश आहे.

बाळंतपण माहेरी झाले असेल तर चाचणीचा कागद तिथेच राहून जातो. तो मागवून लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवावा. आणि चाचणी झालीच नसेल तर ती आताही करून घेता येते.