बोधपुत्राचे वारस

मराठी पवित्र शास्त्रात बर्णबा या नावाचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिला आहे. रविवारच्या शाळेत हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटले, हा कुणी मोठा उपदेशक असणार. बोध म्हणजे उपदेश, एवढेच आम्हां मुलांना ठाऊक. मूळ ग्रीक शब्दाचा पैस पुष्कळ उशिरा कळला. जवळ बोलावणे, खचलेल्याच्या पाठीवर हात ठेवणे, त्याला पुन्हा उभे करणे, हे सगळे त्यात येते. बर्णबा म्हणजे धीर देणारा माणूस.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो पहिल्यांदा दिसतो तो आपले शेत विकताना. आलेली रक्कम तो प्रेषितांच्या पायाशी ठेवतो. पुढे शौलाची गोष्ट येते. येशूच्या अनुयायांचा छळ करणारा हा माणूस पालटला आहे, हे यरुशलेमेत कुणाला खरे वाटत नव्हते. बर्णबाने त्याला हाताला धरून प्रेषितांपुढे नेले. नंतर शौल तार्सात जाऊन राहिला, तेव्हा त्याला शोधायला बर्णबाच गेला आणि त्याने त्याला अंत्युखियाला आणले. हाच पुढचा पौल. मार्क नावाचा तरुण प्रवास अर्ध्यावर टाकून घरी परतला होता. तो पौलाला पुन्हा सोबत नको होता. त्या एका पोरासाठी बर्णबाने पौलाची वाट सोडली. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलच मार्काला बोलावून घेतो, कारण तो त्याला कामाचा वाटतो. शेत विकण्यापेक्षाही बर्णबाचा हा त्याग मला मोठा वाटतो. मित्र गेला, पण मुलगा राहिला.

आमच्याकडे उत्तेजन, संतोष आणि त्याग यांवर निरनिराळी प्रवचने होतात. बर्णबाकडे पाहिले की मला हे तीन विषय वाटतच नाहीत. ज्याची मूठ उघडी आहे त्यालाच दुसऱ्याचा हात धरता येतो, आणि मूठ उघडायला आधी आपल्यापुरते पुरेसे आहे असे मनातून वाटावे लागते. मराठी ख्रिस्ती माणसांच्या चारशे वर्षांच्या वाटचालीत हे कुठे दिसले आणि कुठे हुकले, ते पाहावे म्हणून हा आढावा.

त्याआधी संतोषाविषयी थोडे. या विषयावर सर्वांत अधिक वाचला जाणारा उतारा पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे. तो तेव्हा कैदेत होता. सुबत्ता आणि टंचाई दोन्हींत राहायला आपण शिकलो, असे तो तिथे सांगतो. पण ते पत्र मुळात मदतीची पोहोच आहे, हे आपण विसरतो. फिलिप्पैकरांनी त्याला गरजेच्या वस्तू पाठवल्या होत्या. त्या घेऊन आलेला एपफ्रदीत पुढे मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता. म्हणजे कैद्याचा संतोष हा एकट्याचा पराक्रम नव्हता. कुणीतरी आपल्या घासातला घास काढून दूरवर पाठवला होता, आणि तो घेताना पौलाला कमीपणा वाटला नाही. शिवाय तो 'शिकलो' म्हणतो. संतोष स्वभावात असावा लागतो असे नाही, तो शिकता येतो, ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटते.

मराठीत ही शिकवण पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली ती ओवीतून. इंग्लंडमधले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तिथेच वारले. पोर्तुगीज अमलाखाली देवळे पाडली जात होती, जुन्या पोथ्या जात होत्या. ती त्या इतिहासाची काळी बाजू आहे आणि तिच्यावर पांघरूण घालू नये. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराणे गेली, पण पुराण ऐकण्याची भूक राहिली. ती भूक ओळखून स्टीफन्स यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापले गेले. परक्या माणसाने दुसऱ्याची भाषा आपलीशी होईपर्यंत शिकावी, यालाही मी धीर देणेच म्हणेन.

दोनशे वर्षांनी अमेरिकन मराठी मिशनची सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका आली. १८२७ ला मुंबईत उतरली, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ साली नगरलाच वारली. तिच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला. सावित्रीबाईंच्या शिक्षकी प्रशिक्षणाशीही तिचे नाव जोडले जाते. तिच्या चौतीस वर्षांच्या कामात फारसे नाट्य नाही. रोज शाळा उघडायची, मुली गोळा करायच्या, अर्ध्या गळाल्या की पुन्हा गोळा करायच्या.

नगरचेच दुसरे घर टिळकांचे. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थांबले, ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यामुळे त्यांच्या ख्रिस्ती भजनांत संतोषाचा सूर उपरा वाटत नाही. तो वारकऱ्यांच्या समाधानाचाच धाकटा भाऊ आहे.

या घरातले धीर देण्याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण ख्रिस्ती माणसाचे नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरसवदा मुलाला 'बालकवी' हे नाव मिळाले. टिळकांनी त्याच्यातला कवी ओळखला आणि त्याला नगरला आपल्या घरी ठेवले. रुसणारा, मध्येच निघून जाणारा, पोरकेपणाने कातावलेला हा मुलगा टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखा सांभाळला. त्याचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात वाचताना हसूही येते आणि गळाही दाटतो. त्याने धर्म बदलावा असा हट्ट कुणी धरला नाही. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला, तेव्हा त्याचे वय तिशीच्याही आत होते. मराठी निसर्गकवितेच्या मागे नगरच्या त्या चुलीवरचे चार घासही आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. टिळक वाटून मोकळे होत. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, घरी कोणी ना कोणी अनाथ मूल येऊन राही. त्यांच्या संतोषाची किंमत मात्र लक्ष्मीबाईंनी मोजली. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या माहेरच्या आधाराने राहिल्या, सोवळेओवळे पाळत राहिल्या, लोकांच्या नजरा झेलत राहिल्या. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला तो मनातल्या विटाळाच्या भिंती त्यांनी स्वतः एकेक करून पाडल्यानंतर. घरातला एकजण त्याग करतो तेव्हा भांड्यात किती पीठ उरले हे दुसऱ्याला पाहावे लागते. प्रवचनांत ही दुसरी व्यक्ती क्वचितच येते. लक्ष्मीबाईंनी ती कायमची लिहून ठेवली, आणि कडवटपणा न आणता.

पंडिता रमाबाईंविषयी लिहिताना मात्र मला थांबून थांबून लिहावे लागते. १८५८ साली जन्मलेली ही मुलगी पुराणिक आईबापांबरोबर देशभर पायी हिंडली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण एकामागून एक गेली. पाला आणि रानफळे खाऊन दिवस काढल्याच्या आठवणी रमाबाईंनी स्वतः लिहिल्या आहेत. ही भूक पुढे त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी राहिली. नवरा बिपिनबिहारी मेधावी लग्नानंतर दोनच वर्षांत, १८८२ साली वारला. पदरी मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितलेले सगळे त्यांनी मुकाट्याने मानले नाही. प्रश्न विचारले, पत्रांतून वाद घातला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांचे शारदा सदन हे विधवांच्या शिक्षणाचे घर सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होती. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. आनंदीबाई कर्वे म्हणून महाराष्ट्र तिला ओळखतो. ती हिंदूच राहिली. सदनातल्या काही मुली मात्र ख्रिस्ती झाल्या आणि त्याच वर्षी पुण्यात वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन्ही बाजूंना दुखावलेली माणसे होती, आणि त्या जखमेने पुढची कित्येक वर्षे रमाबाईंचे नाव मराठी सुधारणेच्या इतिहासाच्या कडेला ढकलले. हे मला आजही लागते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, एवढ्या मुली शहरात ठेवण्याची परवानगी नव्हती. दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती. तिथे आधी झोपड्या उभ्या राहिल्या, मग मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती जवळजवळ २००० वर गेली. उवा, खरूज, चोरीची सवय, रात्री किंचाळत उठणाऱ्या मुली. ज्याने दोन हजार माणसांचा एक वेळचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणला नाही, त्याला त्याग हा शब्द नुसता गोड वाटतो.

त्यांनी या मुलींना दयेवर ठेवले नाही. शेती, गाईगुरे, तेलघाणा, माग, छापखाना, सगळे मुलींच्या हातात दिले. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होते, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. दुष्काळात आईने सोडून दिलेल्या मुलीला अक्षरे जुळवता आली, तिने जुळवलेली ओळ कागदावर उमटली, तेव्हा तिला जो धीर मिळाला असेल तो कुठल्याही प्रवचनाने मिळाला नसता. स्वतः रमाबाई साध्या पांढऱ्या पातळात, साध्या शाकाहारावर राहिल्या. नेमाचे उत्पन्न नव्हते. जे येई ते येई.

हा संतोष गप्प बसणारा नव्हता. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यातल्या बायकांची जी परवड झाली तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. सरकारची, मिशनऱ्यांची, सुधारकांची, कुणाचीच भीड त्यांनी ठेवली नाही.

शेवटची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह. कान गेले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, जी त्यांच्यामागे सगळे सांभाळणार होती. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि दोन वर्षांनी ते भाषांतर केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.

मिरजेचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उघडले, पुढे वैद्यकीय शाळा आणि कुष्ठरोग्यांचा आश्रम उभा राहिला. त्या वॉर्डांत रात्रपाळ्या केलेल्या मराठी परिचारिकांच्या कित्येक पिढ्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत.

आता हुकलेल्याविषयी. संतोषाची शिकवण आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा चुकीच्या माणसांना दिली गेली. नगर, जालना, औरंगाबाद भागात ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक महार-मांग समाजांतले, शेतमजुरी करणारे. त्यांना व्यासपीठावरून तृप्त राहायला सांगणारे बहुधा पोटभर जेवलेले असत. जात चर्चच्या दारात थांबली नाही. लग्ने जुळवताना, काही ठिकाणी दफनभूमीतही ती आत आली. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींचे संरक्षण हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. जो आपला हक्क मागतो त्याला असंतुष्ट म्हणणे हे पौलाच्या पत्राचे उलटे वाचन आहे. फिलिप्पैकरांनी कैद्याला 'संतोष धर' असे लिहून पाठवले नाही. त्यांनी सामान पाठवले.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना हे नेमके कळले होते. 'सुवार्ता' मासिक त्यांनी वर्षानुवर्षे संपादले, 'सुबोध बायबल' लिहिले आणि वसईची हिरवी जमीन, पाणी, वाड्या गिळायला निघालेल्या बांधकामांविरुद्ध हरित वसईच्या लढ्यात ते उभे राहिले. धमक्या आल्या, तरी मागे सरले नाहीत. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा पहिल्यांदाच एक ख्रिस्ती धर्मगुरू त्या खुर्चीत बसला. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. एका धर्मगुरूने विहिरीतल्या पाण्यासाठी भांडावे, हे त्यांच्या प्रार्थनेपेक्षा वेगळे काम नव्हते.

पुन्हा नगरच्या घराकडे येतो. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य लिहायला घेतले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. नवऱ्याच्या त्यागाचे हिशेब निमूट सांभाळणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई मग स्वतः लिहायला बसल्या. एकेक अध्याय करत त्यांनी ६४ अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय राहिला होता. तो मुलाने, देवदत्तने लिहिला.