आधी ओहम, मग किंमत

आमेरला राहून जयपूर घराणे ऐकायचे, तर केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांपासून सुरुवात करावी. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. खाँसाहेब राजस्थानातले, पण कोल्हापूर दरबारात गायले. हे गाणे मी व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर हेडफोन लावून ऐकतो. 'सर, महागाचा घेतला की झाले ना?' असे कॅडेट विचारतात. नाही. आधी ओहम पाहा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा विरोध 100 ओहम धरू. त्याला 32 ओहमचा हेडफोन जोडला, तर 132 पैकी 32, म्हणजे 24 टक्के व्होल्टेज हेडफोनला मिळते. खरी अडचण पुढे आहे. बऱ्याच हेडफोनांचा विरोध खर्जात वाढतो. 32 चे 64 झाले, की वाटा 39 टक्क्यांवर जातो. तानपुरा घुमतो आणि गळा मागे पडतो. माझा सेनहायझर एचडी 650 हा 300 ओहमचा. खर्जात तो 500 च्या आसपास गेला, तरी वाटा 75 वरून 83 एवढाच होतो. खर्ज जरा भरतो, बिघडत नाही.

व्हॉल्व्ह मूळ स्वरात वरच्या सप्तकातला तोच स्वर किंचित मिसळतो, म्हणून आवाज गोड वाटतो. तबकडीची खरखर मात्र तशीच राहते. मला ती खुपत नाही.

पालकांसाठी एक सूचना: या यंत्रात शंभराहून अधिक व्होल्ट खेळतात, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतात. झाकण मुलांना उघडू देऊ नये.